फ्लँजचं द्राक्ष का झालं?

अंबडच्या एमआयडीसीत माझ्या मावसभावाचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि केबिनमध्ये ड्रॉइंग बघायला एक जुना कॉम्प्युटर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम मीच टाकून दिली होती. त्यामुळे तक्रारीचा फोनही मलाच आला. "दादा, येऊन बघ ना जरा. फ्लँज आडवी दिसतेय."

गेलो तर खरंच आडवी. फ्लँज म्हणजे पाइप जोडायची गोल चकती, ती थॉमसन द्राक्षासारखी लांबट, अक्षरं धुरकट. पडद्यावर फुटपट्टी लावली. उंची ९ सेंटिमीटर, रुंदी १२. मॉनिटर १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा (यालाच रिझोल्यूशन म्हणतात), पण सेटिंगमध्ये १०२४ गुणिले ७६८ च्या वर पर्यायच नाही. ४:३ चं चित्र १६:९ च्या चौकटीत ताणलं की रुंदी बरोबर ४/३ पट होते. म्हणजे फुटपट्टी खोटं बोलत नव्हती.

तोवर केबिनमध्ये निदानं होऊन गेली होती. ग्राफिक कार्ड गेलं, हे एक. लिनक्सला हा मॉनिटर चालत नाही, हे दुसरं. दोन्ही चूक.

मुळात कॉम्प्युटरला मॉनिटर केवढा आहे हे कळतं कसं? मॉनिटर स्वतः सांगतो. त्याच्या आत एक चिमुकली मेमरी चिप असते आणि तिच्यात १२८ बाइटचं ओळखपत्र, ज्याला ईडीआयडी म्हणतात. सुरुवात ठरलेली: एक शून्य, सहा वेळा २५५, पुन्हा शून्य. मग कंपनीचं तीन अक्षरी नाव, तेही दोनच बाइटमध्ये, कारण इंग्रजी अक्षराला ५ बिट पुरतात. पुढे पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि चालणारी रिझोल्यूशन. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो, की १२८ बाइटच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जावा. भाग गेला नाही, तर वाचताना कुठेतरी गडबड झाली.

ओळखपत्र मिळालंच नाही, तर लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, धोका पत्करत नाही. बहुतेक मॉनिटरना झेपतील अशी जुनी रिझोल्यूशन तेवढी पुढे करतं, कमाल १०२४ गुणिले ७६८. इथे नेमकं तेच झालं होतं. कर्नल हे ओळखपत्र एका फाइलमध्ये ठेवतं. ती उघडली, तर शून्य बाइट.

म्हणजे चित्र जातंय, पण ओळख येत नाही. असं कसं? इथली केबल व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची. तिला १५ पिना असतात. लाल, हिरवा, निळा हे १, २, ३ वरून जातात, ओळ आणि चौकट (एक पूर्ण चित्र) कुठे सुरू होते याचे इशारे १३ आणि १४ वरून. ओळखपत्र मात्र १२ आणि १५ वरून येतं. केबल काढून उजेडात धरली. १२ नंबरची पिन जागेवर नव्हती.

"ही केबल कुठली?" भाऊ जरा घुटमळला. मालकाचं तोंड पूर्वेला हवं म्हणून गेल्या आठवड्यात टेबल फिरवलं होतं. मूळची केबल पोचेना, म्हणून खणातली जुनी लांब केबल लावली. वास्तुदोष निवारणातून निघालेला असा दोष मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसरी केबल हाताशी नव्हती आणि ड्रॉइंग तर लगेच हवं होतं. मग लिनक्सला हातानेच सांगावं लागतं. एक्सरँडर नावाच्या कमांडला एक ओळ द्यायची (टायपिंग अर्थात रोमन लिपीत). तिच्यात आधी १४८.५, मग आडवे आकडे १९२०, २००८, २०५२, २२०० आणि उभे १०८०, १०८४, १०८९, ११२५. ही ओळ मला फार आवडते. चित्र १९२० ठिपक्यांवर संपतं, २००८ वर 'ओळ संपली' हा इशारा सुरू होतो, २०५२ ला थांबतो आणि २२०० ला नवी ओळ. मधले २८० ठिपके दिसतच नाहीत! जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत उजव्या टोकाहून डावीकडे परत यायला वेळ लागे. द्राक्षबागेत ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला जागा सोडतात, तशी ही सोडलेली जागा. आता झोत नाही, पण जागा राहिली. एचडीएमआय या नव्या पद्धतीच्या केबलमध्ये आवाज याच रिकाम्या वेळात पाठवतात. २२०० गुणिले ११२५ गुणिले सेकंदाला ६० चौकटी, म्हणजे १४ कोटी ८५ लाख ठिपके. तेच ते १४८.५ मेगाहर्ट्झ.

पूर्वी ही ओळ प्रत्येकाला स्वतःच लिहावी लागे, आणि आकडे चुकले तर काही जुने मॉनिटर जळायचेही. आजचा एलसीडी नुसता 'मर्यादेबाहेर' असं लिहून गप्प बसतो.

ओळ नोंदवली, व्हीजीएच्या आउटपुटला जोडली, लागू केली. पडदा क्षणभर काळा झाला आणि फ्लँज गोल. पुन्हा फुटपट्टी लावली, ९ ला ९. लिनक्समध्ये पडद्यावर चित्र दाखवायच्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. ही युक्ती एक्स११ वर चालते, वेलँडवर नाही. तिथे कर्नललाच बूट होताना रिझोल्यूशन सांगावं लागतं. शिवाय रीस्टार्ट केलं की एक्सरँडरचं सांगणं पुसलं जातं, म्हणून त्या कमांड होम फोल्डरमधल्या एक्सप्रोफाइल फाइलमध्ये टाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी भावाने नवी लांब केबल आणली आणि त्या ओळींची गरजच संपली. टेबल अजून पूर्वेलाच आहे. जुनी केबल पुन्हा खणात गेली.