म्युच्युअल फंडाचा लाभांश आणि राज्यांचा आयकर (अमेरिका)

अमेरिकेत केंद्राच्या आयकराखेरीज बहुतेक राज्ये स्वतःचा आयकर घेतात. म्युच्युअल फंडाचा लाभांश कोणत्या राज्याच्या विवरणपत्रात दाखवायचा, हे गुंतवणूकदाराच्या निवासावरून ठरते. बॉस्टनमधल्या फंडाचा लाभांश न्यू जर्सीच्या रहिवाशाला मिळाला, तर त्यासाठी मॅसॅच्युसेट्समध्ये विवरणपत्र भरावे लागत नाही. पगार मात्र जिथे काम केले त्या राज्यातही करपात्र ठरू शकतो.

वर्षाच्या मध्येच राज्य बदलले, तर लाभांश जमा झाला त्या दिवशी माणूस कुठला रहिवासी होता, ते पाहतात. लाभांशाची माहिती देणाऱ्या '१०९९-डीआयव्ही' या कर-फॉर्मवर वर्षाची नुसती बेरीज असते. त्यामुळे खात्याचे उतारे काढून तारखा जुळवत बसावे लागते. पुन्हा गुंतवलेला लाभांशही मिळालेलाच धरतात.

खरी मेख दुहेरी निवासात आहे. एखाद्याचे कायमचे वास्तव्य न्यू जर्सीत, पण न्यूयॉर्कमध्येही बारमाही घर आणि तिथे वर्षात १८३ हून अधिक दिवस, असे असेल तर न्यूयॉर्क त्याला आपलाच रहिवासी मानते. मग दोन्ही राज्ये त्याच लाभांशावर कर मागतात. दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची वजावट तिथे कमावलेल्या उत्पन्नापुरती असते आणि लाभांश त्यात बसत नाही. ही आकारणी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ('कोर्ट ऑफ अपील्स') १९९८ साली टामान्यी खटल्यात वैध ठरवली. न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला रोज ये-जा करणाऱ्या मराठी नोकरदाराचे न्यूयॉर्कमध्ये घर नसल्याने तो यातून सुटतो. तरी त्याच्या पगारावरचा न्यूयॉर्कचा दर ठरवताना लाभांशासह एकूण उत्पन्न विचारात घेतले जातेच.

केंद्राच्या कर्जरोख्यांवरील व्याजावर राज्यांना आयकर लावता येत नाही, आणि फंडामार्फत लाभांशाच्या रूपात मिळालेल्या व्याजालाही सहसा ही सूट लागू होते. कॅलिफोर्निया, कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क मात्र प्रत्येक तिमाहीअखेर फंडाची निम्मी तरी मालमत्ता अशा रोख्यांत असावी, अशी अट घालतात. राज्य-पालिकांच्या रोख्यांत बहुतेक राज्ये स्वतःच्या रोख्यांना सूट देऊन परराज्यांच्या रोख्यांवर कर घेतात. हा भेदभाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली केंटकीच्या खटल्यात मान्य केला.

टेक्सास-फ्लोरिडात वैयक्तिक आयकरच नाही. न्यू हॅम्पशायर पगार सोडून फक्त व्याज व लाभांशावर कर घेत असे. तो २०२५ पासून रद्द झाला.