डिझेल कॉम्प्रेशन टेस्टर

डिझेल कॉम्प्रेशन टेस्टर म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायचं गेज, त्याला एक होज, एक वन-वे वॉल्व्ह आणि हीटर प्लगच्या (थंड इंजिन स्टार्ट व्हायला आतून तापवणारा प्लग) किंवा इंजेक्टरच्या (डिझेल फवारणारा भाग) भोकात बसणारे अडॅप्टर. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं, त्यामुळे कॉम्प्रेशन उतरलं की थंडीत सकाळी गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते, पांढरा धूर मारते, चढाला उचलत नाही आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणारी नळी) बॅक कॉम्प्रेशन मारायला लागते, म्हणजे दाबलेली हवा रिंगांच्या कडेने खाली येऊन तिथून बाहेर पडते. पण रीडिंग कमी आलं म्हणजे इंजिन गेलंच असं अजिबात नाही, बऱ्याचदा टेस्टरमध्येच लोचा असतो आणि त्या एका आकड्यावर हेड उतरवलं जातं, गाडीवाल्याचा खर्च होतो तो वेगळाच.

पेट्रोलचं गेज डिझेलला लावायचं नाही, ही पहिली गोष्ट. पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशन साधारण १२० ते २०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडात मोजलेला दाब) असतं म्हणून ती गेजं ३०० पर्यंतच असतात, डिझेलचं ३०० ते ५०० च्या घरात जातं, गेज फुटून काच तोंडावर येऊ शकते. डिझेलसाठी १००० पीएसआय म्हणजे जवळपास ७० बारचं गेज घ्यावं, त्यात ४०० चं रीडिंग डायलच्या मधल्या भागात येतं आणि काट्याचं गेज तिथेच सगळ्यात भरवशाचं असतं. आत वाकवलेली बुरदों नळी असते (फ्रान्सच्या युजेन बुरदोंनी १८४९ साली पेटंट घेतलेली, अजून तीच चालू आहे), दाब आला की ती थोडी सरळ होते आणि काटा फिरतो. गेज एकदा आपटलं की ही नळी कायमची वाकडी होऊ शकते, म्हणून काटा शून्यावर येत नसलेलं गेज सेकंडहँड फुकट मिळालं तरी घेऊ नये.

डायलवर बार, पीएसआय आणि केजी (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो) असे दोन-तीन स्केल असले तर बरं, जुन्या मॅन्युअलमध्ये केजी असतं आणि नव्यात बार किंवा मेगापास्कल. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, १ केजी म्हणजे १४.२ पीएसआय.

आता खरा मुद्दा, वन-वे वॉल्व्ह कुठे बसवलाय. टायरच्या ट्यूबला असतो तसा श्रेडर वॉल्व्ह यात असतो आणि तो अडॅप्टरच्या टोकाशी, म्हणजे सिलिंडरच्या जितका जवळ तितकं चांगलं. का ते किर्लोस्करच्या टीव्ही-१ या सिंगल सिलिंडर इंजिनावर बघू. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ११० मिमी, म्हणजे ६६१ सीसी, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) १७.५. याचा अर्थ पिस्टन पूर्ण वर आल्यावर हवेला फक्त ४० सीसी जागा उरते. वॉल्व्ह होजच्या गेजकडच्या टोकाला असेल आणि होजमध्ये ५ सीसी जागा असेल, तर दर स्ट्रोकला हवा ४० ऐवजी ४५ सीसीत मावते, रेशो १७.५ चा १५.७ होतो आणि रीडिंग दहा टक्क्यांहून जास्त पडतं. इंजिन एकदम ठणठणीत आणि गेज म्हणतंय पिस्टनच्या रिंगा गेल्या! पेट्रोल इंजिनात ही मधली जागाच मोठी असते म्हणून तिथे एवढा फरक पडत नाही, डिझेलमध्ये मात्र स्वस्त किटची सगळ्यात मोठी खोट हीच.

अडॅप्टर आपल्या इंजिनाचा आहे का ते आधी बघायचं, पंचवीस तुकड्यांच्या पेटीला भुलायचं नाही. हीटर प्लगचे आटे एम८, एम१०, एम१२ असे वेगवेगळे, पिचही वेगळी, आणि आटा जुळला तरी टोकाची लांबी जुळली नाही तर अडॅप्टर सीटवर बसत नाही आणि कडेने हवा जाते. वरच्या टीव्ही-१ सारख्या डायरेक्ट इंजेक्शन पंपसेटला हीटर प्लगच नसतो, तिथे इंजेक्टर काढून त्याच आकाराचा डमी अडॅप्टर आणि खाली नवा कॉपर वायसर लागतो. जुना दबलेला वायसर परत टाकायचा नाही.

टेस्ट गरम इंजिनावर, बॅटरी फुल चार्ज, एअर फिल्टर काढलेला आणि सगळे हीटर प्लग किंवा सगळे इंजेक्टर बाहेर, म्हणजे सेल्फवर लोड येत नाही. डिझेल बंद पाहिजेच, मेकॅनिकल पंपाला स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणारा विजेचा वॉल्व्ह) वायर काढायची, कॉमन रेलला (ज्यात इंजेक्टर विजेवर उघडतात) इंजेक्टर जागेवर असतील तर त्यांचे कनेक्टर काढायचे आणि इंजेक्टरच बाहेर काढले असतील तर हाय प्रेशर पंपच मॅन्युअलप्रमाणे बंद करायचा, नाहीतर टेस्ट चालू असतानाच सिलिंडर पेटतो आणि गेज उडतं. सेल्फने इंजिन मिनिटाला २०० च्या आसपास फिरलं तर प्रत्येक सिलिंडर ०.६ सेकंदाला एकदा दाबतो, म्हणजे तीन-चार सेकंदात पाच-सहा स्ट्रोक मिळतात, तेवढे पुरे. सगळ्या सिलिंडरला तेवढेच स्ट्रोक द्यायचे आणि पहिल्या स्ट्रोकचं रीडिंगही लिहून ठेवायचं, कारण सुरुवातीला कमी आणि हळूहळू चढणारं रीडिंग बहुधा रिंगांकडे बोट दाखवतं, आणि पहिल्यापासून कमी असून तिथेच अडकणारं इंजिनच्या वॉल्व्हकडे. शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरचं रीडिंग पडलं असेल तर हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट).

रीडिंग पटत नसेल तर पाना उचलायच्या आधी टेस्टर तपासा. काटा दर स्ट्रोकला वर जाऊन परत खाली पडतोय म्हणजे टेस्टरचा वन-वे वॉल्व्ह हवा धरत नाहीये, बहुतेक कार्बनचा कण अडकलेला असतो, कोर (वॉल्व्हचा आतला स्प्रिंगवाला तुकडा) काढून साफ करा नाहीतर बदला. पण बदलताना टायरचा साधा कोर टाकू नका, दिसायला तोच असतो तरी त्याची स्प्रिंग कडक असते आणि रीडिंग कमी येतं, टेस्टरचा हलक्या स्प्रिंगचा कोर वेगळा मिळतो. सेल्फ थांबल्यावर काटा हळूहळू उतरत असेल तर कपलिंगची ओ-रिंग किंवा प्रेशर सोडायचं बटण लीक आहे, कंप्रेसरची हवा भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा कुठे येतो ते लगेच दिसतं. काटा हलतच नसेल तर कोर आहे का, कपलिंग नीट बसलंय का ते बघा. आणि सगळेच सिलिंडर एकसारखे कमी दाखवत असतील तर चारही सिलिंडर एकदमच सारखे झिजलेत असं मानण्याआधी बॅटरी, सेल्फचा स्पीड आणि गेज यांच्यावर संशय घ्या, तेच टेस्टर चांगल्या चालणाऱ्या तशाच इंजिनाला लावून बघा. उंचीचाही फरक पडतो, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी हवा विरळ असल्याने मुंबईपेक्षा रीडिंग कमीच येणार.

पेट्रोलसारखं, रिंगा गेल्यात का ते बघायला सिलिंडरमध्ये ऑइल ओतून टेस्ट करायची सवय डिझेलला चालत नाही. ऑइल पिस्टनच्या खोलगट भागात साचतं, रिंगांपर्यंत नीट पोचत नाही, उरलेली थोडीशी जागा भरून रीडिंग खोटं वाढवतं आणि जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यापेक्षा पिस्टन वर आणून, इंजिन फिरणार नाही असं लॉक करून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि आवाज कुठून येतो ते ऐकायचं, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग किंवा हेडला क्रॅक.