स्प्राइट म्हणजे ढगातून वर झेपावणारी वीज नव्हे

वादळी ढगांवर लाल जेलीफिशसारखा उजेड, असा फोटो मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. खाली ओळ ठरलेली: ‘ढगातून अवकाशात झेपावलेली वीज’. फोटो बहुतेकदा खरा असतो, ओळ मात्र चुकीची.

या लाल उजेडाला स्प्राइट म्हणतात, आणि तो ढगातून निघतच नाही. ढगाचा माथा साधारण १५ किलोमीटरवर संपतो. स्प्राइट पेटतो ७०-७५ किलोमीटरवर, आणि त्याचे धागे आधी खाली उतरतात. होतं असं, की एखादी जोरदार वीज ढगातला धन प्रभार एका झटक्यात जमिनीवर ओतते. त्यासरशी ढगावरचं विद्युतक्षेत्र एकदम वाढतं. तिथली विरळ हवा ते पेलू शकत नाही. इलेक्ट्रॉन नायट्रोजनवर आदळतात आणि लाल उजेड पडतो. विजेची वाट रसरसून तापते, इथे तसं काही नाही. हा ट्यूबलाइटसारखा थंड उजेड. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा.

भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकातच असं घडू शकतं हे मांडलं होतं. वैमानिकही सांगत होते, पण त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुरावा मिळाला जुलै १९८९ मध्ये, तोही योगायोगाने. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी रॉकेटवर न्यायच्या कॅमेऱ्याची चाचणी घेत होते. टेप पाहिली, तर दूरच्या वादळाच्या वर प्रकाशाचे दोन खांब शेजारीशेजारी उभे होते.