परमच्या पोटातलं तर्कशास्त्र

पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडून एकाच वेळी काम करणाऱ्या चिप, होते, हेही अनेकांना ठाऊक असतं. पण ट्रान्सप्युटरसाठी घडवलेली ‘ऑकम’ ही भाषा संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या १९७८ च्या ‘सीएसपी’ या, समांतर चालणाऱ्या प्रोग्रॅमनी एकमेकांशी कसं बोलावं याच्या मांडणीतून उतरली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. अनेक प्रोग्रॅमनी एकाच जागी वाचायचं-लिहायचं, अशी सामायिक मेमरी नकोच. देणारा आणि घेणारा दोघेही तयार असतील तेव्हाच निरोप पोचेल, हा तिचा गाभा.

मेमरी सामायिक असली तर काय होतं? जोडखात्यात ५,००० रुपये आहेत. नवरा कोथरूडच्या एटीएमवर, बायको हडपसरच्या. दोन्ही प्रोग्रॅम एकाच क्षणी शिल्लक वाचतात, दोन्ही ४,००० देतात, दोन्ही १,००० शिल्लक लिहून ठेवतात. बाहेर गेले आठ हजार, हिशेबात चारच. प्रत्येक प्रोग्रॅम सुटा तपासा, निर्दोष निघेल. चूक आहे ती पायऱ्यांच्या सरमिसळीत, आणि दहा-दहा पायऱ्यांच्या दोन प्रोग्रॅमची सरमिसळ १,८४,७५६ प्रकारे होऊ शकते. टेस्टिंगला त्यातल्या किती सापडणार?

सामायिक माहितीला हात लावायला एका वेळी एकाच प्रोग्रॅमला आत कसं सोडायचं, हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी १९६५ मध्येच नेमका मांडला होता. होअर यांनी १९६९ मध्ये दिलेले, प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याचे नियम ओविकी आणि ग्रीस यांनी १९७६ मध्ये समांतर प्रोग्रॅमपर्यंत नेले. तरी एक अडचण उरलीच. सर्व्हर कधी संपत नाही, मग ‘शेवटी उत्तर बरोबर आलं का’ हे विचारायचं कधी? अमीर न्यूएली यांनी १९७७ मध्ये तत्त्वज्ञांकडचं कालाचं तर्कशास्त्र इथे आणलं. ‘दोघे एकत्र आत कधीच नसतील’ आणि ‘थांबलेल्याची पाळी कधी ना कधी येईलच’, ही रोजच्या बोलण्यातली वाक्यं आता सिद्ध करता येऊ लागली. या सगळ्या इतिहासात मला हाच टप्पा सर्वांत सुंदर वाटतो.

पुढे क्लार्क-इमर्सन यांनी अमेरिकेत आणि केय-सिफाकिस यांनी फ्रान्समध्ये ‘मॉडेल चेकिंग’ आणलं: सगळ्या शक्य अवस्था यंत्रानेच तपासायच्या. क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना त्यासाठी २००७ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळाला.

लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या, याच कालाच्या तर्कशास्त्रावर उभ्या ‘टीएलए प्लस’ या डिझाइन मांडून तपासायच्या भाषेने अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये पकडलेली एक चूक उघड व्हायला कमीत कमी ३५ पायऱ्या एका ठरावीक क्रमाने घडाव्या लागत होत्या. डिझाइनची छाननी, कोडची छाननी, टेस्टिंग, सगळ्यांतून ती सुटली होती.