मातीनंतरची पेटी

नागपूरच्या मराठी ख्रिस्ती घरात कुणी गेलं की मातीहून परतल्यावर संध्याकाळी घरी उपासना असते. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या लागतात, शेजारून चहाची केटली येते, पाळक बायबल उघडतात आणि कुणीतरी दिवाणाखालून पेटी काढतं. शवपेटी अन् बाजाची पेटी, मराठीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. लहानपणी मला याची भीतीच वाटायची. आजी गेली तेव्हा त्या पेटीचा एक सूर अडकला होता. वाजवणारे काका दर कडव्याला तो टाळून पुढे जात, आणि आम्ही दोघी बहिणी रडता रडता त्याच जागेची वाट बघायचो. चाल अभंगाची होती. नागपुरात प्रॉटेस्टंट मिशन उभं केलं ते स्कॉटलंडच्या माणसांनी. मग त्यांच्या मंडळीतल्या दुःखात अभंग शिरला कुठून?

स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले तेव्हा राज्य भोसल्यांचं होतं. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमधून फुटून निघालेल्या फ्री चर्चचे ते मिशनरी. १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. आजच्या हिस्लॉप कॉलेजचं मूळ तिच्यात आहे. त्यांच्या मंडळीत उपासनेला वाद्य चालत नसे. बायबलमधली स्तोत्रं, १६५० सालच्या ठरलेल्या पद्यात, नुसत्या गळ्यावर म्हणायची.

पुढे शोक खुद्द मिशनच्याच दारात आला. बुटीबोरीकडे टाकळघाटला शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मोठाले दगड गोल मांडून त्यात माणसं पुरलेली, लोहयुगातली. ती उकरून पाहायला हिस्लॉप आणि मध्य प्रांताचा कारभार बघणारे रिचर्ड टेम्पल गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री परतताना हिस्लॉप फुगलेल्या नाल्यात बुडाले. वय ४५. हजारो वर्षांपूर्वीच्या कबरी पाहून येणारा माणूस स्वतः वाटेतच गेला, आणि सांत्वन सांगायला आलेल्यांना आता स्वतःलाच सांत्वन हवं होतं. त्यांनी आदिवासींबद्दल जमवलेले कागद टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापून काढले.

स्तोत्र २३, मेंढपाळाचं, सगळ्यांना पाठ असतं. पण स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं उघड तक्रारीची आहेत: देवा, किती काळ? तू तोंड का लपवलंस? बहुतेकांत शेवटी कुठेतरी आशा डोकावते. स्तोत्र ८८ मात्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ते कुणी गाळलं नाही, ही मला मोठी गोष्ट वाटते. बायबलमधल्या संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तिथवर ठीक होतं, बिघडलं ते त्यांनी उपदेश सुरू केल्यावर. आपल्याकडेही ‘देवाची मर्जी’ म्हणून मोकळे होणारे कमी नाहीत. पवित्र आत्म्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आहे, त्याला मराठी बायबलात ‘कैवारी’ म्हटलंय. डोळे पुसणाऱ्यापेक्षा हा वेगळा; हा आपली बाजू घेऊन उभा राहतो.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई या भागात येऊन निराधार मुलींना आपल्याकडे घेऊन गेल्या. दुष्काळात भाकरीबरोबर धर्मही आला, यावर तेव्हापासून वाद आहे आणि तो खोटा नाही. पण रमाबाईंचं स्वतःचं दुःखही त्याच हिशेबात धरावं लागतं. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला लागलेल्याच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ मध्ये.

अभंगाचं उत्तर मात्र रेल्वेच्या डब्यात आहे. कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते, अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपियन माणसाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते थांबेचनात. शोक करणारे धन्य, हे त्याच प्रवचनातलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या घरात रडारड झाली. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षं वेगळ्या राहिल्या; १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी इतकं खळखळून सांगितलंय की एकाच्या सांत्वनाने दुसऱ्याला किती दुखवलं, ते हसता हसता कळतं.

टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. येताना त्यांनी पूल मोडला नाही. कीर्तन, भजन, अभंग सगळं मंडळीत आणलं. त्याआधी १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं ओवीतलं ‘क्रिस्तपुराण’ छापून आलं होतं खरं, पण ते पार गोव्याकडे. आमच्या हातात आहे ते ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक, आणि त्यात टिळकांची कितीतरी गीतं आहेत. वाद्याशिवाय गाणाऱ्यांच्या मंडळीत पेटी आणि ढोलक आज उपरे वाटत नाहीत ते यामुळेच. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तीही नागपुरातच. पण मयतीच्या घरात पंथ कोण विचारतं? ज्याला चाल येते तो उचलतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये अंगणात खुर्च्या लागल्याच नाहीत. मामा गेले. मातीला चार जण, बाकी सगळे मोबाइलवर. पेटी एका घरी, ढोलक दुसऱ्या घरी, आवाज मागेपुढे पोचायचा. दुसऱ्याच कडव्याला गाणं विस्कटलं आणि सगळे थांबले. मग पाळकांनी स्तोत्र ८८ वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यावर ते काही बोलले नाहीत. बराच वेळ कुणीच फोन ठेवला नाही.