अंगणातला किल्ला कुठून आला?

सहामाही परीक्षा संपली की पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, मुंबईपासून थेट बेळगावपर्यंत मुलांचे हात मातीत जातात. विटा, दगड, जुनी खोकी रचली जातात, त्यांवर गोणपाट पसरून चिखलाचा लेप दिला जातो. अळीव किंवा मोहरी पेरली की चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. ही चाल शिवकाळापासूनची आहे, असे घरोघरी सांगतात. पण दिवाळीच्या किल्ल्याला कुणी एक जनक नाही; त्याच्यामागे निरनिराळ्या काळांतल्या गोष्टी उभ्या आहेत.

सगळ्यात जुनी गोष्ट शेणामातीची. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. काही भागांत पाडव्याला शेणाचे पांडव करतात, तर उत्तर भारतात त्याच दिवशी शेणाचा गोवर्धन पुजला जातो. पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' हे मागणे त्या दिवसाचेच. म्हणजे खरीप घरात येत असताना अंगणात एक छोटे जग उभारायचे, ही सवय कृषिसंस्कृतीत आधीपासून होती. किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या चित्रांकडे नीट पाहा. मावळे, तोफा आणि सिंहासनावर बसलेले महाराज असतातच, पण गवळण, विहिरीवर पाणी भरणारी बाई, बैलजोडी घेतलेला शेतकरीही असतो. मोठ्यांना हे विजोड वाटते, मला मात्र ते अगदी बरोबर वाटते. प्रत्येक गडाला पायथ्याशी घेरा असायचा आणि त्या घेऱ्यातल्या माणसांच्या कष्टांवर गड नांदायचा.

दुसरी गोष्ट खुद्द गडांची. शिवछत्रपतींच्या राज्याचा कणा गड हाच होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या राजनीतीवरच्या ग्रंथात 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' असे नेमके म्हटले आहे. 1665च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले आणि 12 राखता आले. राज्य किती गेले आणि किती उरले, हे गडांच्या संख्येत मोजले गेले. 1818मध्ये मराठी राज्य बुडाले. त्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात रायगडावरचे वाडे जळाले, आणि पुढे अनेक गडांच्या वाटा आणि तट मुद्दाम पाडण्यात आले, पुन्हा कुणी आश्रय घेऊ नये म्हणून. जे वैभव होते ते गवतात गेले.

त्याची आठवण पुन्हा जागी झाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1869मध्ये महात्मा फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचला आणि त्यांना 'कुळवाडीभूषण', म्हणजे शेतकऱ्यांचे भूषण, म्हटले. बळीराजाला शेतकऱ्यांचा राजा म्हणून मांडणारेही फुलेच. पाडव्याचा बळी आणि गडावरचा राजा असे एकाच लेखणीतून जवळ आले, हा दुवा मुलांना आवर्जून सांगावा असा आहे. पुढे 1895मध्ये लोकमान्य टिळकांनी रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीची हाक दिली आणि 1896मध्ये रायगडावर शिवउत्सव झाला. गडावर जाणे ही सार्वजनिक गोष्ट झाली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरच्या काळात चौथीच्या इतिहासात शिवचरित्र आले, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडी प्रतापगड, पन्हाळा, पुरंदर ही नावे बसली. किल्ला करणाऱ्या मुलांचे वयही साधारण तेच.

आता निसर्गाचा भाग, जो बहुतेक वेळा निसटतो. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर. टणक थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. गड बांधणाऱ्यांनी याचाच फायदा घेतला. कड्यालाच तट मानले, जिथे कडा नव्हता तिथे भिंत घातली, सपाटीवर माची केली, उंच टोकावर बालेकिल्ला. गडावर कातळ फोडून पाण्याची टाकी खोदली आणि निघालेला दगड बांधकामात वापरला. मुलाने नुसता चिखलाचा ढीग न करता दगडांचे थर रचले, तर हे सारे त्याला हातानेच समजते. पावसाळ्यानंतर कुंपणाच्या भिंतीवरून शेवाळाचे पापुद्रे सोलून आणून उतारावर बसवले, की गवताळ टप्पेही तयार होतात.

तयार प्लास्टरचा किल्ला विकत आणून गॅलरीत ठेवला, की यातले काहीच उरत नाही. जागा नसेल तर मोठ्या ताटात केलेला वीतभर किल्लाही चालेल, पण तो मुलांनी करावा आणि तो कुठल्या तरी एका खऱ्या गडाचा असावा. त्याआधी तो गड पाहून आलेले उत्तम. राजगडाच्या संजीवनी माचीवरच्या दुहेरी तटाच्या अरुंद बोळातून चाललेले मूल घरी येऊन तो तट एकेरी बांधत नाही.

जुलै 2025मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मुलांना नवे काही करायचे असेल तर याच यादीतून निवडावे. सिंधुदुर्गासाठी आधी परातीत पाणी घेऊन मधोमध बेट करावे लागेल आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी दाखवाव्या लागतील. भोवती खारे पाणी असताना बेटावर गोडे पाणी कसे, हा प्रश्न तिथे आपोआप निघतो. जिंजी तर एका डोंगराचा गडच नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी अशा तीन टेकड्या तटाने जोडाव्या लागतात. राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात हा गड वर्षानुवर्षे कसा झुंजवला, हे त्या तीन टेकड्या रचताना सांगता येईल.