नैसर्गिक प्रकाशातील व्यक्तिछायाचित्रण

नैसर्गिक प्रकाशातील व्यक्तिछायाचित्रण : स्टुडिओतले दिवे किंवा फ्लॅश न वापरता, सूर्य आणि आकाश यांच्या उजेडात माणसाचे छायाचित्र घेण्याची पद्धत. यात प्रकाश हलवता येत नाही. माणूस कुठे उभा करायचा, त्याचे तोंड कुठल्या दिशेला वळवायचे आणि किती वाजता बोलवायचे एवढेच हातात असते. नवशिक्याचे फोटो सुधारतात ते बहुतेक याच तीन गोष्टींनी. कॅमेऱ्याच्या किमतीचा वाटा त्यात फार थोडा.

छायाचित्रकलेच्या सुरुवातीला दुसरा पर्यायच नव्हता. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्ये घेतलेले स्वतःचे छायाचित्र हे सर्वांत जुन्या व्यक्तिछायाचित्रांपैकी एक. त्याच्या घराण्याचा धंदा दिव्यांचा, पण फोटोसाठी तो दुकानामागच्या उघड्या जागेत उन्हात बसला. १८४३ पासून एडिंबरोमध्ये डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या जोडीने तर टेबल-खुर्च्या, पुस्तके, पडदे बागेत मांडून दिवाणखान्याचा देखावा उभा केला, कारण घरातल्या उजेडात त्या काळच्या कागदी निगेटिव्हवर काही उमटणे कठीण होते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक. विजेचे दिवे आल्यावरही दिवसाच्या उजेडाची ओढ संपली नाही. अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन याने १९६०-७० च्या दशकांत डाहोमी (आजचा बेनिन), न्यू गिनी, मोरोक्को अशा ठिकाणी घडीचा तंबू नेला आणि त्यात एका बाजूने येणाऱ्या उजेडात लोकांचे फोटो घेतले. तंबू उघड्यावर, बसणारा मात्र सावलीत. नवशिक्याने पेनची ही एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ झाले.

कडक आणि मऊ प्रकाश

प्रकाश देणारी वस्तू चेहऱ्यावरून पाहता जितकी मोठी दिसते, तितकी सावलीची कड मऊ होते. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड असला तरी आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश भरते. म्हणून उन्हातली सावली सुरीने कापल्यासारखी. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर उतरते, कपाळ मात्र पांढरे फटक. ढगाळ दिवशी अख्खे आकाश दिव्याचे काम करते आणि सावल्या विरघळतात. पण मऊ म्हणजे आपोआप चांगला, असे नव्हे. पावसाळी ढगांतला उजेडही मुख्यतः डोक्यावरूनच येतो, त्यामुळे डोळे तरीही मंद दिसतात. अशा वेळी हनुवटी किंचित वर घ्यायला सांगावी किंवा माणसाला खाली बसवून कॅमेरा थोडा उंचावरून धरावा.

सोनेरी तास आणि आपले अक्षांश

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा पिवळसर, तिरपा उजेड ‘गोल्डन अवर’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि नवशिक्यांना पहिला सल्ला त्याचाच मिळतो. तो सल्ला बराचसा युरोप-अमेरिकेच्या उत्तर भागांत घडलेला आहे. विषुवदिनाच्या सुमारास लंडनमध्ये सूर्याला क्षितिजापासून सहा अंशांच्या उंचीवरून खाली टेकायला सुमारे ३८ मिनिटे लागतात. पुण्यात तो जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि हेच अंतर सुमारे २५ मिनिटांत संपवतो. पश्चिमेला डोंगर किंवा इमारत असेल तर त्यातलीही काही मिनिटे जातात. कपडे बदलणे, जागा शोधणे, लाजरेपणा जाणे यातच तो वेळ निघून जातो.

ऋतूचाही फरक मोठा. पुण्यात दुपारी चार वाजता डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सुमारे २४ अंशांवर असतो, मेच्या मध्यावर सुमारे ४१ अंशांवर. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस तो माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो हाच. हिवाळ्यात चारला बाहेर काढलेला फोटो चांगला आला म्हणून उन्हाळ्यात त्याच वेळी, त्याच जागी कुणाला उभे केले, की निराशा ठरलेली. एकंदरीत महाराष्ट्रात शिकणाऱ्याने सोनेरी तासामागे धावण्यापेक्षा आधी सावली ओळखायला शिकावे. ती दिवसभर मिळते.

उघडी सावली

वरून छप्पर आणि समोर मोकळे आकाश अशी जागा म्हणजे उघडी सावली. जुन्या घराची ओसरी, पडवी, वाड्याचा दिंडी दरवाजा, देवळाचा सभामंडप, चाळीची गॅलरी, पुलाखालची कडेची जागा या सगळ्या तिच्याच जाती. माणसाला आत खोलवर नेऊ नये. सावलीच्या कडेपासून हात-दीड हात आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे, असे उभे करावे. छपरामुळे वरचा उजेड अडतो, समोरचा मोकळा राहतो आणि बुबुळांत आकाशाचे छोटे प्रतिबिंब उमटते. छायाचित्रकार त्याला कॅचलाइट म्हणतात. ते नसले की चेहरा मरगळलेला वाटतो. समोर ऊन खाणारी चुन्याची पांढरी भिंत असेल, तर कुठलाही विकतचा रिफ्लेक्टर तिची बरोबरी करणार नाही.

झाडाखालची सावली मात्र फसवी असते. पानांतून गळणारे कवडसे गालावर पांढरे डाग पाडतात आणि ते नंतर संगणकावरही नीट निघत नाहीत. दाट झाडी किंवा हिरवळ जवळ असेल तर हनुवटीखाली हिरवी झाक येते. कोकणातल्या जांभ्याच्या अंगणातून उलटणारा उजेड तांबूस असतो. तो सावळ्या त्वचेला बहुधा शोभतो. उघड्या सावलीत उजेड निळ्या आकाशाचा असल्याने फोटो थंड दिसतो. माध्यान्हीच्या उन्हाचे रंगतापमान (आकडा मोठा तितका उजेड निळसर) सुमारे ५,५०० केल्विन, तर अशा सावलीत ते ७,००० च्या पुढे जाते. कॅमेऱ्यातला ‘शेड’ हा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा सुधारणारी सोय, त्यासाठीच असतो.

जागा पारखायची सोपी रीत म्हणजे आपलीच मूठ चेहऱ्याच्या उंचीवर समोर धरून जागच्या जागी गोल फिरणे. बोटांच्या उंचवट्यांवरची सावली कुठे मऊ होते, कुठे कडक, ते लगेच कळते.

ऊन पाठीशी

सावली मिळालीच नाही तर सूर्य माणसाच्या पाठीमागे ठेवावा. ‘सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा’ हा जुना नियम निसर्गदृश्यांना ठीक, माणसांना तापदायक. समोरून ऊन आले की डोळे मिचकावलेच जातात. मागून ऊन आल्यावर केसांना उजळ कड मिळते आणि चेहरा सारख्या सावलीत राहतो. पण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उजळ पार्श्वभूमीला भुलतो आणि चेहरा काळा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करण्याची सोय, +१ पर्यंत वाढवावे. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून शेजारचे सूर्याचे चिन्ह वर सरकवावे. छातीखाली पांढरा थर्माकोल धरायला कुणी सोबत असेल तर उत्तमच.

यात एक सवय टाळण्यासारखी आहे. लग्नाच्या अल्बमांनी चेहरा ‘उजळ’ म्हणजे गोरा करण्याची रीत पाडली आणि मोबाइलमधल्या ब्यूटी मोडने ती घरोघरी नेली. सावळा चेहरा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वर ओढला की कपाळ, गाल सपाट होतात आणि त्वचेचा पोत जातो. एक्स्पोजर त्वचेच्या खऱ्या छटेवर बेतावे, पांढऱ्या साडीवर किंवा सदऱ्यावरही नजर ठेवावी. पांढऱ्यातली वीण एकदा गेली की परत येत नाही.

कॅमेऱ्याची मांडणी

एफ हे लेन्समधल्या छिद्राचे माप (आकडा लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ हा कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनेचा आकडा आणि शटर म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ. स्वच्छ उन्हात एफ/१६ ला शटर आयएसओच्या आकड्याएवढा, म्हणजे आयएसओ १०० ला सुमारे १/१०० सेकंद, हा जुना ठोकताळा आजही चालतो. उघड्या सावलीत उजेड त्याहून तीन ते चार स्टॉप कमी. तिथे आयएसओ १०० आणि एफ/२.८ ठेवल्यास शटर १/२०० च्या आसपास येतो, हातात धरून काढायला पुरेसा. उलट भर उन्हात एफ/१.८ वापरायचे तर १/८००० लागतो आणि अनेक प्राथमिक कॅमेऱ्यांचा शटर १/४००० ला थांबतो. पार्श्वभूमी धूसर हवी असणाऱ्यांनाही सावलीचाच आसरा.

चेहऱ्याचे प्रमाण लेन्सवर ठरत नाही, अंतरावर ठरते. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. त्याने चेहरा भरण्यासाठी जवळ गेले की नाक फुगते, कान मागे सरतात. दीड-दोन मीटर दूर राहून दुपटीचा झूम वापरावा. मोठ्या कॅमेऱ्यावर ५० किंवा ८५ मिमीची लेन्स हेच अंतर सहज राखू देते. फोकस जवळच्या डोळ्यावर.

सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटे पश्चिमेचे आकाश मोठ्या खिडकीसारखा उजेड देते. माणसाचे तोंड तिकडे करावे, आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत न घाबरता वाढवावा आणि शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नये. फोटोत बारीक दाणे आले तर चालतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. लहान मुलांचे फोटो घ्यायचे असतील तर ही वेळ न निवडता सकाळी ओसरीवर घ्यावेत.